गौडेन्सिओ भावोजींची तयारी

माझे धाकटे दीर गौडेन्सिओ किग्गुंडू साठाव्या वर्षी कोर्टाच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि पुढची चार वर्षे त्यांनी मला जितके छळले, तितके माझ्या पाच मुलांनी मिळूनसुद्धा छळले नसेल. माणूस अतिशय सज्जन. दारू नाही, कुणाशी भांडण नाही. माझे यजमान गेल्यावर माझ्या केळीच्या बागेचे कुंपण दर वर्षी न सांगता दुरुस्त करून देणारे तेच. पण ते कुंपणसुद्धा दोरी लावून करायचे आणि एक खुंट बोटभर बाहेर गेला तर पुढचे आठ उपटायचे. संध्याकाळपर्यंत शेळ्या आत शिरलेल्या असायच्या आणि भावोजी दोरी धरून उभे.

मसाकाच्या आमच्या भागात ते एकतीस वर्षे कोर्टात दुभाषे आणि कारकून होते. त्यांनी लिहिलेला कागद एकाही न्यायाधीशाने परत पाठवला नाही, हे मी त्यांच्या तोंडून नाही, दोन न्यायाधीशांच्या तोंडून ऐकले आहे. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, ते माझ्या पडवीत येऊन बसले. चहा झाला, केळी-कॉफीच्या पिकाची विचारपूस झाली, गावात कोण आजारी आहे ते झाले. मग टोपी गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, "वहिनी, मला बोलणारा व्हायचंय."

मुलाकडचे लोक मुलीच्या घरी क्वांजुलासाठी, म्हणजे ओळख देऊन मागणी घालायला जातात, तेव्हा नवऱ्यामुलाला तोंड उघडायचे नसते. त्याच्या वतीने बोलणारा बोलतो. मुलीकडचाही एक बोलणारा असतो आणि त्याचे कामच पाहुण्यांना फाटकापासून हैराण करण्याचे. तुम्ही कोण, इथे कशाला आलात, वाट चुकलात का, तुमच्यापैकी कुणी आंघोळ केली आहे का. त्याला तोडीस तोड उत्तर देत, हसवत, दंड भरत आपल्या माणसांना घरात न्यायचे आणि संध्याकाळपर्यंत मुलगी पक्की करायची. पूर्वी घरातला एखादा जिभेचा तिखट म्हातारा हे करायचा. आता पैसे घेऊन करणारे आहेत आणि त्यांना शनिवार पुरत नाहीत.

"तुम्ही?" मी म्हणाले. माझ्या आवाजात काय होते ते त्यांना कळले.

"हसा वहिनी, पण ऐकून घ्या. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोललो. चोर म्हणायचा, मी चोरी केली, की मी साहेबांकडे बघून इंग्रजीत म्हणायचो, मी चोरी केली. खुनाची कबुली मी तीनदा दिलीय. बायकोला मारलं, शेजाऱ्याची गाय पळवली, सगळं मीच केलंय. माझं स्वतःचं एक वाक्य त्या खोलीत मी बोललो नाही. बोलायची परवानगीच नव्हती." टोपी त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "मरायच्या आधी एकदा फाटकाबाहेर उभं राहून मला माझं बोलायचंय. आणि लोक हसले पाहिजेत."

मीच शब्द टाकला. आमच्या शेजारच्या सुताराच्या मुलाचा क्वांजुला ठरला होता आणि त्याला बोलणारा परवडत नव्हता. सुताराने आनंदाने होकार दिला.

तारीख माझ्या रोजनिशीत आहे. सव्वीस नोव्हेंबर २०११, शनिवार. पाऊस नव्हता, तो असता तर बरे झाले असते. भावोजींनी मुलीकडच्या घराण्याची माहिती पॅरिशच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीतून आणि कोर्टाच्या जुन्या कागदांतून काढून, स्वच्छ अक्षरात लिहून, तोंडपाठ केली होती. सुरुवात बरी झाली. मग मुलीकडचा बोलणारा उठला आणि त्याने आपल्या यजमानांची वंशावळ सांगितली. हा अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू. भावोजींनी हात वर केला, कोर्टात करायचे तसा.

"माफ करा, स्सेबो. मधली एक पिढी राहिली. यजमानांच्या आजोबांचं नाव येरेमिया काझिब्वे. तुम्ही एकदम पणजोबांवर गेलात."

मुलीच्या वडिलांच्या हातातला पंखा थांबला.

हे नाव त्या घरात पंचवीस वर्षे कुणी घेतले नव्हते. त्या माणसाने कुळाची दफनभूमी विकली होती, थडग्यांसकट. खरेदी करणाऱ्याने तिथे डुकरे पाळली आणि प्रकरण कोर्टात गेले. आमच्यात याहून वाईट काही करता येत नाही. मुलीचे वडील उठून घरात गेले, मागोमाग त्यांचे भाऊ गेले आणि आम्ही तीस-पस्तीस माणसे दोन तास उन्हात बसलो. सुताराला शेवटी स्वतः गुडघ्यावर जाऊन माफी मागावी लागली. मुलगी दिली त्यांनी, पण सुतार आजतागायत भावोजींच्या सलामाला मान हलवून उत्तर देतो, तोंडाने नाही.

परतताना गाडीत भावोजी माझ्या शेजारी होते. मग म्हणाले, "पण नाव बरोबर होतं, वहिनी."

"नाव बरोबर होतं, भावोजी. तो खटला तुम्हीच लिहिला होतात ना? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"खटला मीच लिहिला. पण घरात त्याचं नाव घेत नाहीत, हे खटल्यात कुठेच नव्हतं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "माझी माहिती अपुरी पडली. पुढच्या वेळी सगळं माहीत हवं."

इथूनच माझा वैताग सुरू होतो. त्या दिवसातून कुणीही शहाण्या माणसाने एक गोष्ट घेतली असती, की दुसऱ्याची चूक दिसली तरी तोंड मिटून बसावे. भावोजींनी नेमकी उलटी गोष्ट घेतली. त्यांना वाटले, आपण कमी शिकलो.

त्यांनी वह्या आणल्या. आमच्या चार पॅरिशमधल्या प्रत्येक घराण्याची वंशावळ, कूळ कुठल्या प्राण्याच्या नावाचे, त्यात कुणाचे नाव घ्यायचे नाही, कुणाचे कुणाशी बोलणे नाही, कुणाची आत्या कुणावर रुसली आहे. मग मुलीकडचा बोलणारा काय काय विचारू शकतो त्याची यादी. मग प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरे, एक नम्र, एक खोचक आणि एक आपत्कालीन. शब्द त्यांचाच. सायकलवर बसून ते म्हाताऱ्या माणसांकडे जायचे आणि त्यांची दुपारची झोप मोडायचे. लोक माझ्याकडे तक्रारी घेऊन यायचे. "तुझ्या दिराला सांग, माझ्या पणजीचं नाव मला मरेपर्यंत आठवणार नाही, आणि मेल्यावर आठवलं तर निरोप पाठवीन."

बोलावणी मात्र आली. लोक मोठ्या मनाचे असतात, किंवा त्यांना फुकटचा बोलणारा हवा असतो. २०१२च्या ईस्टरनंतर धर्मशिक्षकाच्या पुतण्यासाठी. भावोजी म्हणाले, मुलीकडचे लोक आपल्या बुड्डू प्रांताबाहेरचे आहेत, त्यांच्या चालीरीती पडताळायला वेळ हवा. पुढच्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या मित्राच्या मुलासाठी. तेव्हा म्हणाले, आवाज बसला आहे. बसला नव्हता. मी त्याच दिवशी त्यांना गायकवृंदात ऐकले. त्याच्या पुढच्या वर्षी दूध संघाचा अध्यक्ष स्वतः मोटार घेऊन आला. भावोजींनी त्याला चहा दिला, वह्या दाखवल्या आणि सांगितले की काम तीन-चतुर्थांश झाले आहे.

अध्यक्ष जाताना माझ्या जावेला, फेबियानाला, म्हणाला, "नवरा तुझा विद्वान आहे."

"घेऊन जा त्यांना," ती म्हणाली. "वह्यांसकट न्या. माझं घर आहे की रेकॉर्ड रूम तेच कळत नाही. मीठ शोधायला गेले तर नागांच्या कुळाची पाचवी पिढी हाताला लागते."

मी भांडून पाहिले. भावोजींशी भांडता येत नाही, हाच त्रास. ते सगळे मान्य करतात.

"भावोजी, तुम्ही घाबरलात."

"हो वहिनी, घाबरलो."

"एक चूक झाली तर काय आभाळ कोसळेल?"

"मागच्या वेळी दोन तास ऊन कोसळलं."

"मग सोडून द्या ना हा नाद. भाजी लावा, नातवंडं खेळवा."

त्यांनी असे बघितले की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला. रात्री रोजनिशीत मी लिहिले, 'गौडेन्सिओशी बोलले. उपयोग नाही.' मागची पाने चाळली तर हेच वाक्य त्या वर्षात सहा वेळा होते.

मग माझ्या थोरल्याचा मुलगा रेमीगियस, आमचा रेमी, याचे ठरले. तो कंपालाला मोबाइल दुरुस्त करतो आणि आजी-आजोबांच्या पिढीतल्या सगळ्यांना जज्जा म्हणतो. मुलगी स्कोलास्टिका, लुंगफिश माशाच्या कुळातली, न्येंडोच्या पुढची. तारीख डिसेंबरातला दुसरा शनिवार, २०१५. सप्टेंबरात माझ्या घरी बैठक बसली आणि रेमीने सांगून टाकले की त्याने बोलणारा बघून ठेवला आहे.

"कंपालाचा आहे, जज्जा. मायक्रोफोन हातात घेऊन नाचतो. लोक व्हिडिओ काढतात त्याचे."

"आपल्या घरात बोलणारा असताना?" मी म्हणाले.

भावोजी कोपऱ्यात चटईवर बसले होते. रेमी मोठ्यांपुढे आवाज चढवत नाही, पण त्याचे कान लाल झाले. "जज्जा, राग मानू नका. जज्जा गौडेन्सिओंना मी लहानपणापासून मानतो. पण ते फाटकातच अडकले तर? माझं लग्न त्यांच्या वहीत राहायचं."

कुणी हसले नाही. माझ्या थोरल्याने जमिनीकडे पाहिले. मला कळत होते आणि भावोजींनाही कळत होते, की ही शेवटची वेळ आहे. घरच्या मुलासाठी जो उभा राहत नाही त्याला पुन्हा कोण बोलावणार? पुढे ते चौसष्टाचे सत्तर होतील, वह्या वाढतील आणि एक दिवस फेबियाना त्या चुलीत घालील. बस्स.

"मी करीन," भावोजी म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. तो आनंद सकाळी सातपर्यंत टिकला. सातला ते माझ्या दारात.

"वहिनी, समारंभ ईस्टरला घेता येईल का? मुलीच्या आजीच्या माहेरची बाजू अजून—"

मी हातातली भांडी खाली ठेवली. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी आम्हाला आवाज न चढवता रागवायला शिकवले होते, ते मी त्या दिवशी विसरले. माझी मुले तेव्हा बागेत होती, त्यांना तिथे ऐकू गेले. काय बोलले ते मी लिहून ठेवलेले नाही. भावोजी ऐकत उभे राहिले, शेवटी म्हणाले, "बरं. डिसेंबर," आणि सायकल घेऊन गेले.

नोव्हेंबरात आम्ही माझ्या अंगणात फणसाखाली तालीम केली. मी मुलीकडची झाले. स्कोलास्टिकाच्या घरचे बोलणे एक बाई करणार होती, नालुंगा, न्येंडोच्या बाजारात केळीचे घड विकणारी. तिच्या तोंडाला गिऱ्हाईक आणि पोलीस दोघे घाबरतात असे ऐकले होते. मी तिच्यासारखी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले.

"कोण हो तुम्ही? आणि एवढी माणसं घेऊन? कुणाचं मयत आहे का?"

भावोजी वहीत बघत म्हणाले, "वहिनी, मयताचा प्रश्न सहाव्या पानावर आहे. तुम्ही पहिल्यालाच विचारलात."

"भावोजी, नालुंगाने तुमची वही वाचलेली नाही."

"ते मला माहीत आहे. पण साधारण क्रम असतो."

पुन्हा सुरू केले. दुसऱ्या वाक्याला थांबले, 'सन्माननीय' की 'आदरणीय' यावर. तिसऱ्यांदा श्वास चुकला. चौथ्यांदा एका कोंबड्याने बांग दिली आणि ते म्हणाले, आता मुळापासून घेऊ. चौदा वेळा. फेबियाना शेंगा सोलत बसली होती, ती उठली आणि टोपली घेऊन घरी गेली. जाताना म्हणाली, "जाऊबाई, मी नवऱ्याकडची आहे, तरी मुलगी देऊ नका."

शेवटचा आठवडा मी नीट झोपले नाही. त्यांच्यासाठी की त्यांच्यामुळे, ते ठरवता आले नाही.

शनिवारी सकाळी सगळे माझ्या घरी जमले. पुरुष पांढऱ्या कान्झूवर कोट घालून, आम्ही बायका गोमेसीचे पट्टे एकमेकींचे आवळत. टोपल्या, साखर, मांस, मुलीच्या आत्याची गोमेसी, मेहुण्यासाठी, म्हणजे तिच्या भावासाठी, कोंबडा, सगळे गाड्यांत चढले. तिसऱ्या गाडीतून एक अनोळखी माणूस उतरला. चकाकता निळा कोट, काळा चष्मा.

"हा कोण?" मी रेमीला विचारले.

"मित्र आहे, जज्जा."

"मित्राच्या हातात मायक्रोफोन कशाला?"

रेमी बुटांकडे बघू लागला. भावोजी आमच्या मागेच होते. त्यांनी त्या माणसाकडे पाहिले, कोटाची बटणे लावली, पुन्हा काढली. "बरं केलंस, बाळ," ते रेमीला म्हणाले. "काळजी घेतलीस." आवाजात राग नव्हता. थोडी सुटकाच होती आणि तिच्यामुळे मी पेटले. गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले नाही.

फाटकाला फीत बांधलेली. पलीकडे नालुंगा, हिरव्या गोमेसीत, अंगाने दोन बायकांएवढी. आमचे भावोजी पुढे झाले. कंपालाचा माणूस त्यांच्या मागे पाच पावलांवर.

"थांबा थांबा," नालुंगा म्हणाली. "एवढे स्वच्छ लोक कुठून आले? लसवाले असाल तर लस गेल्या आठवड्यात झाली. मतं मागायला आला असाल तर साखर पुढे आणा, भाषण मागे न्या."

लस कुठल्याच पानावर नव्हती. मला भावोजींच्या मानेवरून कळले. त्यांनी पाठ केलेले नम्र उत्तर दिले, जे मयताच्या प्रश्नाचे होते. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत वगैरे. मुलीकडचे हसले. आमच्याबरोबर नाही, आमच्यावर.

"सांत्वन करतोय बघा मला," नालुंगा मांडवाकडे वळून म्हणाली. "अरे, कुणी मेलं असेल तर मला आधी सांगत जा."

दंड झाला. सोड्याचा एक क्रेट. आम्ही आत आलो, आमच्या मांडवात बसलो. बायका चटयांवर गुडघ्यांवर. भावोजी मधल्या जागेत उभे. पुढची वीस मिनिटे मी बोटे मोडत काढली. ते बोलत होते, शुद्ध, स्पष्ट, एकही शब्द खाली न पडता, आणि लोक पंख्याने वारा घेत होते. नालुंगा एका ठिकाणी आमची पॅरिशच चुकली, भलत्याच पॅरिशचे नाव घेतले. भावोजींचा हात वर निघाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो हात त्यांनी कोटाच्या खिशात घातला होता.

"बरं, पाहुणे," नालुंगा म्हणाली, "तुम्ही आमची मुलगी मागण्याआधी तुम्ही कोण ते सांगा. कुणाचे कोण?"

ही तर सगळ्यांत सोपी गोष्ट. आमच्याकडे चार वर्षांचे पोरसुद्धा झोपेत सांगते. भावोजींनी छाती भरून श्वास घेतला.

"मी गौडेन्सिओ किग्गुंडू. कूळ जवादी मांजराचं. माझे वडील अलोयझी. त्यांचे वडील..."

आणि थांबले.

आधी वाटले, नाट्य करताहेत. मग त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला आणि वही बाहेर आली. त्यांनी पाने उलटली. त्या वहीत मुलीकडच्या नऊ पिढ्या होत्या, तिच्या आजीचे माहेर होते, कोण कुणाशी बोलत नाही ते होते. स्वतःच्या आजोबांचे नाव कोण लिहून ठेवतो?

मला ते नाव ठाऊक होते. माझ्या यजमानांनी शंभरदा सांगितलेले. जिभेच्या टोकावर होते. पण ते माझ्या सासऱ्यांचे वडील. सासरच्या त्या माणसांचे नाव सून घेत नाही, आणि चटईवरच्या बायकांनी त्या वेळी बोलायचे नसते. मी शेजारच्या फेबियानाकडे पाहिले, ती सूनच. आमच्या पुरुषांकडे पाहिले, ते गोठल्यासारखे बसले होते, प्रत्येकाला वाटत होते की आत्ता आठवेल यांना. कंपालाचा माणूस उठला. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. रेमीने त्याला थांबवले नाही.

भावोजींनी त्याला पाहिले. मग वही मिटली आणि खाली बघून, कुठे ठेवावी ते न सुचून, शेजारच्या सोड्याच्या क्रेटवर ठेवली.

"न्याबो," ते नालुंगाला म्हणाले, "माझ्या आजोबांचं नाव मी विसरलो."

"काय?"

"विसरलो. चार वर्षं तुमचे आजोबा पाठ करत होतो. माझ्यासाठी जागा उरली नाही."

कुठे तरी एक म्हातारा हसला. नालुंगाने कंबरेवर हात ठेवले. "आजा घरी विसरून पोरगी मागायला आलात?"

"आजा नाही विसरलो. नाव विसरलो. आजा सगळा पाठ आहे. डाव्या कानाने ऐकू यायचं नाही, म्हणून आजी नेहमी डाव्या बाजूला बसून बोलायची. शेंगा पेरायला दिल्या की निम्म्या पेरायचा आणि निम्म्या खायचा, आणि उगवलं नाही की खारींना शिव्या द्यायचा. मला खांद्यावर घेऊन मिस्साला न्यायचा आणि प्रवचनात घोरायचा. फादरांनी एकदा प्रवचन थांबवलं, तर जागा झाला आणि म्हणाला, आमेन. असला म्हातारा तुमच्या कुळाला चालत असेल तर सांगा. नाव मागाहून पाठवून देतो."

आता दोन्ही मांडव हसत होते. मुलीच्या वडिलांनी तोंडावर रुमाल धरला होता. तेवढ्यात आमच्याकडून कुणीतरी ओरडले, "बाकित्ते. बाकित्ते त्यांचं नाव."

भावोजी मागे वळले. "बघा, न्याबो. माझेच नातलग. नाव माहीत होतं यांना, पण मला घाम फुटलेला बघायचा होता. अशा माणसांत मुलगी देताय, विचार करून द्या."

"दंड," नालुंगा म्हणाली, पण ती डोळे पुसत होती. "आजोबा हरवल्याचा दंड."

कंपालाचा माणूस थोडा वेळ उभाच राहिला, मग बसला.

पुढचे सगळे छान झाले असे मी लिहिणार नाही. तसे ते झालेच नाही. त्यांचे दोन विनोद कुणालाच कळले नाहीत. त्यांनी स्वागताला आलेल्या लहान मुलींच्या गटाला मोठ्यांच्या भेटी देऊन टाकल्या आणि मग मोठ्यांसाठी टोपल्या शोधाव्या लागल्या. मेहुण्याचा कोंबडा गाडीतच राहिला. मेहुणा फुगून बसला, भावोजी स्वतः कोंबड्याला शोधायला गेले आणि कान्झू चिखलाने माखवून कोंबडा काखेत धरून परत आले, तेव्हा नालुंगाने विचारले की दोघांपैकी भेट कुठली. ते नुसते उभे राहिले. लोक तरीही हसले. संध्याकाळी आत्याने स्कोलास्टिकाला बाहेर आणले, तिने रिवाजाप्रमाणे पाहुण्यांतून रेमीला ओळखून काढले आणि माझा जीव भांड्यात पडला.

जेवायला बसलो तेव्हा भावोजी माझ्या आणि फेबियानाच्या समोर होते. पानात उकडलेल्या केळींचे माटोके, शेंगदाण्याचा रस्सा, केळीच्या पानात वाफवलेली कोंबडी. त्यांनी घास घेतला नव्हता.

"तेरा चुका झाल्या, वहिनी," ते म्हणाले.

मला त्यांचे पान उचलून त्यांच्या डोक्यावर पालथे करावेसे वाटले.

"क्रमाने सांगू?"

"जेवा," फेबियाना म्हणाली.

तेवढ्यात मुलीकडचा एक दाढीवाला माणूस हातात पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि वाकून बसला. मक्याची गिरणी आहे त्याची, आधी ओळख करून दिली होती. "जज्जा," तो भावोजींना म्हणाला, "माझ्या पुतण्याचा क्वांजुला आहे. पुढच्या शनिवारी. आमचा बोलणारा इस्पितळात आहे. तुम्ही याल का?"

"पुढच्या शनिवारी," भावोजी म्हणाले. "म्हणजे सात दिवस."

"हो."

"मुलीकडचं कूळ कुठलं? तिच्या आजोबांची बाजू?"

दाढीवाल्याने डोके खाजवले. "ते मला नाही माहीत. गेल्यावर सांगतीलच की ते."

फेबियानाचा हात तोंडापाशी थांबला. मी माझ्या पानाकडे पाहू लागले, कारण त्यांच्याकडे पाहिले असते तर मी काहीतरी बोलले असते. पलीकडे ढोल वाजत होते, कुणी तरी रेमीला खांद्यावर उचलत होते.

"निघायचं किती वाजता?" भावोजींनी विचारले.

"नऊला."

"नऊ म्हणजे नऊ ना? उशीर झालेला मला चालत नाही."

फेबियाना परत जेवायला लागली.